ड्रॉवरमधली चलानं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चार पेग पोटात असतानाही नाही. तुला सांगतोय म्हणून लगेच समजूतदार चेहरा करू नकोस — त्या चेहऱ्याची मला चीड आहे.

पडघ्याजवळच्या एका गोदामात मी कॉम्प्युटर सांभाळतो. काशिनाथदादा तिथे स्टोअरकीपर होता, आमच्याच गावचा. गोदाम उभं आहे ते त्याच्या भातशेतीवर. जमीन देताना घरातल्या एकाला नोकरी असं ठरलं होतं, ती ही नोकरी. त्यामुळे तो असा वागायचा, की आम्ही सगळे त्याच्या बांधावर फुकट उभे आहोत. मला त्याचा राग यायचा. का लपवू?

बाहेर गेलेला माल दादा गोदामाच्या सिस्टीमवर चढवायचा आणि ती नोंद आपोआप ऑफिसच्या सिस्टीममध्ये पोचायची. एकदा ते सिंक तीन दिवस अडकलं. दादा हमालांसमोर म्हणाला, "माझं काम चोख हाय. तुझा डबा बंद हाय. तुला येतं तरी काय रं?" सगळे हसले.

मी सिंक रिसेट करायला बसलो. स्क्रीननं विचारलं — कुठली बाजू खरी धरायची, गोदामाची की ऑफिसची? गोदामाची, शेंबडं पोरही सांगेल. तीन दिवसांत गेलेला माल फक्त तिथेच लिहिलेला होता. आणि मी... चुकून? नाही. बसू दे त्याला सगळं पुन्हा चढवत, म्हणून मी ऑफिसची बाजू निवडली. त्याच्या तीन दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या.

दुसऱ्याच सकाळी साहेब अचानक माल मोजायला आले. सिस्टीम म्हणते माल आहे, आणि रॅक रिकामे. किल्ल्या कुणाकडे? दादाकडे. साहेबांनी मला विचारलं, सिंक बरोबर आहे ना? मी हो म्हणालो.

दादा ओरडत होता, "चलानं शोधा, सह्या हायत त्याच्यावर!" गेटवरून आलेली, माल बाहेर गेल्याची ती चलानं माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, फाइलला लावायची राहिलेली. काढली असती, तर रिसेट करताना नोंदी कुणी पुसल्या तेही निघालं असतं. सगळ्यांबरोबर मीही चलानं शोधली. कपाटामागे वाकून शोधली! माल ज्यांच्याकडे गेला त्या दुकानदारांना एक फोन कुणी केला असता तरी माल पोचल्याचं कळलं असतं. कुणी केला नाही. चोर म्हणून त्याला त्याच्याच शेतातून बाहेर काढलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात — तो दांडा मी.

परवा तो पडघ्याच्या नाक्यावर भेटला. आता दुसऱ्यांच्या ट्रकवर माल चढवतो. जबरदस्तीनं चहाला बसवलं आणि म्हणाला, "सगळ्यांनी चोर केला मला. तू एकटा मला चोर न्हाय म्हनलास. चलानं पन शोधलीस. मी इसरलो न्हाय."

ती चलानं माझ्या घरी आहेत, कपड्यांच्या कपाटात, खालच्या खणात. मी चहा संपवला. दुसरा त्यानंच सांगितला. तोही प्यायलो.