जाधवकाकांच्या रविवारच्या सीड्या

'पब्लिश'चं बटण जाधवकाका उभे राहून दाबत. आधी खुर्ची मागे सारायची, सदऱ्याची वरची गुंडी लावायची, मगच माउसला हात. पहिल्यांदा मला हसू आलं, तर म्हणाले, "समोर म्हातारं माणूस हाय, ताई. बसून नाय दाबायचं."

काका अंबरनाथच्या एका कारखान्यातले निवृत्त फिटर. छप्पन साली ज्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, अशा म्हाताऱ्यांना वांगणीपासून उल्हासनगरपर्यंत गाठून ते त्यांच्या आठवणी वहीत उतरवून घेत. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. फुकट मिळणारी एक ओपन सोर्स प्रणाली वापरून मी त्यांना वेबसाइट उभी करून दिली आणि साठीचा हा गडी महिन्याभरात ती चालवायला शिकला. लिहिलेलं आधी त्या माणसाला वाचून दाखवायचं, त्यानं मान हलवली तरच साइटवर, हा त्यांचा कायदा. जांभूळ गावच्या एका आजी ऐकताना मध्येच कडाडल्या, "आमाला इहीर कुठली? डबकं व्हतं. डबकं लिव!" काकांनी तिथल्या तिथे शब्द खोडला.

दर रविवारी विहारात वंदना झाली की ते माझ्याकडे येत आणि साइटचं फोल्डर सीडीवर उतरवून घेत. ते मीच शिकवलं होतं. "आता वह्या कशाला सांभाळता?" हेही मीच म्हटलं होतं. त्यांनी वह्या रद्दीत घातल्या.

पुढे सर्व्हर बसला. ज्याच्याकडे साइट ठेवली होती त्यानं हात वर केले. काका निर्धास्त होते, सीड्यांची चळतच घेऊन आले. मी एकेक लावत गेले. फोटो सगळे होते, मजकूर एकाही सीडीत नव्हता. ही प्रणाली मजकूर फोल्डरात ठेवत नाही, तो डेटाबेसमध्ये असतो आणि त्याची प्रत वेगळी काढावी लागते. मला हे ठाऊक होतं. सांगायचंच राहून गेलं होतं.

"म्हंजे आजींचा फोटो हाय, आन् आजी बोलल्याच नाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा विचारायला जावं, तर बहुतेक माणसं एव्हाना गेली होती. "आठवेल तसं तुम्हीच लिहा ना, काका," मी विनवलं.

"आन् वाचून दाखवू कुणाला?"

त्यांनी नुसते फोटो पुन्हा चढवले. प्रत्येकाखाली एकच ओळ टाकली: 'यांनी सगळं सांगितलं होतं. आमच्याकडून हरवलं.' चूक माझी एकटीची होती, हे मी कितीदा तरी बोलून दाखवलं. पण 'आमच्याकडून' हा शब्द काकांनी शेवटपर्यंत बदलला नाही.