उलटे लावलेले ब्रेक

सुलभाताईंमुळे माझी नोकरी टिकली, हे आधी लिहितो. आज जर्मनीत, हायडेलबर्गच्या सायकलच्या दुकानात ब्रेकची नवी केबल बसवताना ग्रीसचा वास आला आणि बारा वर्षांपूर्वीचा कॉर्सिका बेटावरचा डोंगर आठवला.

हायडेलबर्गजवळच्या वाल्डॉर्फच्या मराठी इंजिनियरांची ती सायकल सहल. मी शाळा अर्धवट सोडलेला, दुकानात नुकताच लागलेला, त्यांच्या सायकली सांभाळायला गेलेला. खडीची वाट, एकही गाडी नाही, तापलेल्या झुडपांचा गोडसर वास. पहिल्याच उतारावर त्यांच्यातल्या सुलभाताई हँडलवरून फेकल्या गेल्या. मनगट मोडलं. त्यांच्या केबल मीच बदलल्या होत्या. गावच्या सवयीने पुढचा ब्रेक उजव्या हाताला दिला होता. इथे जर्मनीत तो डावीकडे असतो. मागचा समजून ताईंनी पुढचाच करकचून दाबला.

“अगं, इतकी वर्षं चालवतेस, आणि ब्रेक कळला नाही?” पट्टी बांधताना त्यांचे यजमान चिडले.

ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. “नाही कळला हो. वय झालं माझं.”

सगळे हसले. भीतीने मीही हसलो. तेव्हा वाटलं, सुटलो. आता ते हसू आठवलं की स्वतःची किळस येते. ताईंनी पुन्हा सायकल चालवली नाही.

एक दिवस त्याच सगळ्यांसमोर सांगेन, ब्रेक मी उलटे लावले होते. ताई, तेवढी परतफेड मी नक्की करेन.