नगारा थांबेपर्यंत

दणक्याचं खरं नाव विचारलं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. देवळात नगारा वाजवणं हे त्याचं काम आणि ऊठसूट हात उगारणं हा स्वभाव. दोन्हींना मिळून हे एकच नाव पुरत होतं. सभामंडपाच्या कोपऱ्यातला तो तांब्याचा नगारा वाजायला लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. दणक्याला तेच आवडे. लोकांनी बोलावं असं त्याला फारसं कधी वाटलंच नाही.

नगाऱ्याची कथा देवळातल्या प्रत्येकाला पाठ होती. देवीनं राक्षसाला खाली पाडलं, छातीवर पाय दिला, त्रिशूळ उचलला, आणि राक्षस म्हणाला, "आई, सोड." तिचा हात खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. शेवटी तिच्या एका सेवकानं नगारा बडवायला घेतला. राक्षसाचे ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आला नाही, आणि देवीनं त्याला उभा चिरला. दणक्याचं घराणं त्या सेवकाचं. म्हणून आरती सुरू झाली की संपेपर्यंत नगारा थांबता कामा नये. थांबला तर देवीला ते 'आई' ऐकू येईल आणि राक्षस उठून बसेल. दणक्याच्या बापाला ऐन आरतीत स्वतःची आई गेल्याचा निरोप आला होता, तरी त्यानं टिपऱ्या खाली ठेवल्या नव्हत्या.

देवळाच्या पहारेकऱ्यांनी या नेमाचा आपल्यापुरता उपयोग काढला होता. एखादा चप्पलचोर, खिसेकापू सापडला की त्याला मागच्या ओवरीत कोंडायचं, नगारा सुरू झाला की बडवायचं आणि थांबला की हाकलून द्यायचं. भाविकांच्या कानावर काही जात नसे. अशा दिवशी दणक्या जरा जोरातच वाजवी आणि नंतर पहारेकऱ्यांबरोबर हसत चहा घेई. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच घरी राहायचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. दणक्यानंच त्याला भरवलं, निजवलं आणि बदडलंही. धाकट्यानं हाती घेतलेलं एकही काम कधी धड पुरं केलं नाही. देवीचे लाखेनं चिकटवलेले चांदीचे डोळे चोरायला गेला, तर तिथंही अर्धवटपणा, एकच काढून आला. धुवायच्या सदऱ्याच्या खिशात तो डोळा वहिनीच्या हाताला लागला.

"भावजी, हे काय?" एवढंच ती म्हणाली.

दणक्यानं हातातला तांब्या भिंतीवर भिरकावला. धाकट्याची मानगूट धरली, उंबऱ्यावर त्याचं तोंड आपटलं आणि भर रस्त्यातून फरफटत त्याला देवळाकडे नेलं. बायको मागून धावत होती. "काय करायचं ते घरात करा, पण त्यांच्या हाती देऊ नका," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. दणक्याच्या डोक्यात सणक गेलेली. घराण्याच्या तोंडाला काळं फासलं गेलं होतं, आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"तुझाच भाऊ ना हा?" दाढीवाल्या पहारेकऱ्यानं विचारलं.

"म्हणूनच आणलाय. दुपारची आरती आटोपशीर असते. द्या चार ठेवून. फक्त हाडं मोडू नका."

"हाडांचं कोण सांगणार बाबा? नगारा थांबला की आम्ही थांबू."

आरती सुरू झाली. नेहमी घाईत असणारा पुजारी आज हटेना. एका डोळ्याच्या देवीसमोर तो ढसाढसा रडत होता, क्षमा मागत होता, एक आरती संपली की श्वास न घेता दुसरी धरत होता. दणक्याच्या हातांना रग लागली. इतक्यात ओवरीचं दार उघडलं. दाढीवाला बाहेर आला, हातातली मोडकी काठी त्यानं फेकली आणि दाराचा लोखंडी अडसर उचलला. त्याच्या सदऱ्यावर रक्त उडालेलं होतं. तो परत आत गेला.

"अरे, पुरे," दणक्या ओरडला. त्याचा आवाज त्याच्याच नगाऱ्यानं गिळला. तो पुन्हा ओरडला, मान हलवली, पाय आपटले. लोकांना वाटलं, अंगात आलं. कुणीतरी त्याला हात जोडले.

टिपऱ्या खाली ठेवल्या की काम झालं असतं. पण तो खरोखर घाबरला. त्याला राक्षस खराच वाटत होता, लहानपणापासून. देवीच्या रिकाम्या खोबणीतली काळी लाख त्याच्याकडे रोखून बघत होती. तो वाजवत राहिला. अजून एक कडवं, अजून एक, आता संपेल, असं म्हणत तो वाजवत राहिला आणि आत अडसर चालत राहिला.

मग त्यानं टिपऱ्या टाकल्या.

पुजारी मध्येच गप्प झाला. सभामंडपात शेदोनशे माणसं श्वास रोखून उभी राहिली, आणि मागच्या ओवरीतून आवाज आला, "दादा, थांब." धाकटा पहारेकऱ्यांची विनवणी करतच नव्हता. मारणारे कुणाच्या हातावर अवलंबून आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"वाजव, वाजव," म्हणत एकानं दणक्याच्या पाठीत लाथ घातली. दणक्यानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला, दात पडले. दुसऱ्यानं त्याच्या कपाळात घंटा हाणली. रक्तानं डोळे भरले तरी तो गर्दी तुडवत ओवरीत शिरला. दाढीवाला अडसर टेकून धापा टाकत उभा होता. नगारा थांबल्याबरोबर तो थांबला होता, शब्दाला जागला होता. दणक्यानं त्याला भिंतीवर ढकललं आणि खाली बसला.

धाकट्याचे हात भलतीकडेच वळले होते. दोन्ही कानांतून रक्त वाहत होतं. दणक्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"थांबलो रे," तो म्हणाला. "थांबलो. बघ, मी इथं आहे."

त्या कानांना आता काही ऐकू येत नव्हतं. धाकटा छताकडे बघत, तितक्याच काकुळतीनं म्हणत राहिला, "दादा, थांब. दादा, थांब ना."