बाकडी हलवली, झाड राहिलं

दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक जुनी बाग आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात टाकीतून सांडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ती लावली, असं माझे सासरे सांगत. ते फायरमन होते. इंजिनं गेली, टाकी गेली, पण बागेतला शिरीष एवढा पसरला की सगळी बाकडी त्याच्या सावलीत येतात. गार्डच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमचे हे रोज सकाळी तिथं पेपर वाचायला जाऊ लागले.

एका पावसाळ्यात बगळ्यांनी त्या शिरीषावर घरटी केली. खाली बाकडी पांढरी झाली, पेपर पांढरा झाला, ह्यांचा इस्त्रीचा शर्टही सुटला नाही. हे चिडले. झाड काढून टाकावं असा अर्ज लिहून कॉलनीभर सह्या गोळा करत फिरले. मी सही दिली नाही.

"घरातलीच सही न्हाई, म्हंजी लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला बगळे आवडतात."

चर्चजवळ राहणाऱ्या आमच्या सिस्टरबाईंनीही नकार दिला. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. आम्ही दोघी त्या झाडाखालून छत्री उघडून फिरायचो.

अर्ज रेल्वेच्या ऑफिसात गेला. त्यानंतर एका सकाळी वारा सुटला आणि एक पिल्लू घरट्यातून ह्यांच्या पायाशी पडलं. बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं उठलं. ह्यांनी हातातला पेपर पिल्लावर टाकला आणि कुत्र्यापुढं पाय रोवून उभे राहिले. मग आम्हाला हाक मारली.

सिस्टरबाईंनी पंख उलगडून पाहिला. "मोडला नाही. मुका मार आहे. पण आता हे वर जायचं नाही."

"मग?"

"मग घरी न्या."

फळांच्या खोक्यात जुना टॉवेल घालून पिल्लू आमच्या पडवीत आलं. आमच्या घरी मासळी येत नाही. हे पहिल्यांदाच बाजारात मासळीवालीपुढं उभे राहिले आणि बारीक मासे मागितले.

"रस्सा करणार का सुकं, आप्पा?"

"तसंच खातो. पाव्हणा हाय."

पाहुणा मासा सोडून चष्म्यावर चोच मारायचा. हे चष्मा काढून, डोळे बारीक करून, चिमट्यानं भरवायचे. पडवी माशांच्या वासानं भरली, पण तक्रार करायला तोंड होतं कुणाला? हळूहळू पिसं आली, पंख फडफडू लागले. मग आम्ही तिघं खोकं घेऊन बागेत गेलो. पिल्लू खालच्या फांदीवर उडालं, अडखळलं, आणि एकेक फांदी करत वर चढून पानांत दिसेनासं झालं. हे मान वर करून बराच वेळ तिथंच होते.

अर्जामुळं थोड्याच दिवसांत एक तरुण इंजिनिअर झाड बघायला आला. हे त्याच्यापुढं गेले.

"साहेब, अर्ज माझाच हाय. परत घेतो."

"का हो? घाण होतेय ना?"

"व्हती. पण झाड हलवता येत न्हाई. बाकडी येतात."

इंजिनिअरनं वर बघितलं, खाली बघितलं आणि हसला. झाड तोडण्याची परवानगी मिळवत हिंडण्यापेक्षा त्यालाही हेच बरं वाटलं असावं. बाकडी भिंतीकडच्या करंजाखाली गेली. शिरीषाखाली तारेचं कुंपण झालं आणि आत गवत वाढलं. आता पावसाळ्यात शाळेतल्या बाई पोरांना घेऊन घरटी दाखवायला येतात. हे कुंपणाला धरून उभे राहतात आणि कुठलाही बगळा उडाला की "त्यो आमचा" म्हणून दाखवतात. पोरं विश्वास ठेवतात.

यंदा करंजावरही दोन-तीन जोड्या काड्या आणताना दिसल्या. बाकडी आता कुठं न्यायची, यावर रोज सकाळी चर्चा चालते. ह्यांचं म्हणणं, खुर्च्या घरून आणाव्यात.