दाराजवळची लाल फुली

पुरानी बस्तीतले आमचे शेजारचे काका दर दिवाळीला घराला चुना मारतात, पण दाराजवळची वीतभर जागा सोडून. तिथं रस्ता रुंद करायची लाल फुली आहे. एका सरकारनं ती मारली, तेव्हा यांनी हुकूम मानून स्वतःच ओटा तोडला. दुसरं सरकार आलं आणि काम रद्द झालं. ओटा गेला तो गेलाच.

"काका, काहून ठेवता ती फुली?"

"राहू दे भाऊ. पुसली तर पुन्हा मारायले येतीन."

त्यांचा आवाज कधी चढत नाही. संताप माझाच होतो.

आता पुन्हा सरकार बदललं. परवा एक साहेब गल्लीत गाडी आडवी लावून आला. जुन्या फुलीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. चपला घालून घरात शिरला आणि सोबतच्या रंगाऱ्याला थेट देवघराच्या भिंतीवर नवी फुली मारायला लावली.

काकांनी रंगाऱ्याच्या हातातून ब्रश घेतला, शांतपणे बाहेर आले आणि साहेबाच्या पांढऱ्या गाडीवर तशीच फुली मारली.

"ये क्या कर रहे हो?" साहेब ओरडला.

"रस्त्यात येऊन राहिली," काका मराठीतच म्हणाले. "तोडून टाका. चुकलं असन, तर पुढचं सरकार सांगन."