व्हीटिश म्हणजे कुठला गहू?

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीइतकं सकस, नियमित आणि व्याकरणशुद्ध रागावणारं माणूस दुसरं नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीला जुन्या मराठीत आकडसासू म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारला, त्याने आमच्या ताईंना नक्की पाहिलेलं असणार. ताई विक्रोळीला एकट्या राहतात आणि घाटकोपरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांचा राग माणसांवर फारसा नसतो. तो शब्दांवर असतो, त्यातही इंग्रजी शब्दांवर, आणि त्यातही माणसाचं दिसणं सांगायला आपण जे इंग्रजी शब्द वापरतो त्यांच्यावर. गेले चार महिने मात्र तो राग माझ्यावर होता. चार महिने ताई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. ते का, हे मला आता लिहून टाकायचं आहे. पण आधी त्यांचा राग कसा असतो ते सांगतो, म्हणजे मी काय गमावून बसलो होतो ते कळेल.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. मुलीच्या लग्नाचा बायोडेटा त्यांनी मोठ्या विश्वासाने ताईंकडे इंग्रजी तपासायला आणला. ताईंनी चष्मा लावला आणि पाचव्या ओळीवर थांबल्या. तिथे कॉम्प्लेक्शनपुढे व्हीटिश असं लिहिलेलं होतं.

"गहू कुठला?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"शरबती, लोकवन की खपली? शरबती पिवळसर असतो, खपली तांबूस. तुमच्या मुलीला नक्की कुठल्या पोत्यात घालताय?"

गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, सगळेच लिहितात ना तसं." सगळेच लिहितात, हे ऐकलं की ताईंची प्रमाण मराठी संपते आणि माहेरची मालवणी सुरू होते. "सगळे लिवतत म्हणान तुमी लिवतलास? आमी भात खाणारी माणसां! व्हीटिशपेक्षा नाचणीश लिवा, निदान वळखीचां धान्य तरी आसा!" पुढे कित्येक दिवस आमच्या सोसायटीत नाचणीश हा शब्द चालला. लिफ्टमध्ये पोरं एकमेकांना नाचणीश म्हणायची. त्या मुलीने स्वतः बायोडेट्यातली ती ओळच काढून टाकली आणि वर्षभरात स्वतःच एक मुलगा आणून आईवडिलांपुढे उभा केला.

होमली या शब्दावर तर ताईंचं खास लक्ष. आपल्याकडे होमली म्हणजे घर सांभाळणारी, अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची. ताईंच्या एका सहशिक्षिकेने भाचीचा बायोडेटा तिकडेच जन्मलेल्या एका मुलाला पाठवला, त्यात पहिलाच शब्द होमली. मुलाचं उत्तर आलं की तुमचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. सहशिक्षिका रडायला लागली, तेव्हा ताई आधी पोट धरून हसल्या आणि मग दोन्ही देशांवर सारख्याच चिडल्या. "इथे त्याचा अर्थ भांडी घासणारी, तिथे त्याचा अर्थ कुरूप. असला शब्द पोरीच्या नावापुढे लावता कशाला? तिला डिग्री नाही? तिला आवाज नाही?"

मुलांच्या बायोडेट्यांवर त्यांचा राग वेगळ्या जातीचा. "मुलाचा रंग कुणी लिहीत नाही, बघा. रंगाच्या जागी पॅकेज लिहितात. आणि स्मार्ट! शर्ट पॅन्टीत खोचला की झाला स्मार्ट." लग्नाच्या हॉलमध्ये कुणी नवरीला क्यूट म्हटलं की त्या हातातली जिलबी खाली ठेवतात. "क्यूट मांजराचं पिल्लू असतं हो. ही पोरगी सी.ए. आहे. तिने तुमची फाइल उघडली ना, तर वाट लागेल तुमची."

एकदा घाटकोपरच्या एका दुकानात क्रीम विकणाऱ्या मुलीने त्यांना अडवलं. मी शेजारीच होतो. ती म्हणाली, "मॅम, तुमची स्किन खूप डल आहे. हे लावा, ग्लो येईल." मी डोळे मिटून घेतले.

"डल?" ताई म्हणाल्या. "चाकू डल असतो. रविवार डल असतो. माझ्या कातडीने तुझं काय कंटाळवाणं केलं, बाळा? आणि ग्लो कशाला? मी काय ट्यूबलाइट आहे?"

मुलगी गांगरली. "मॅम, आम्हाला असंच बोलायला शिकवलंय." त्याबरोबर ताईंचा राग त्या मुलीवरून उठून तिला शिकवणाऱ्यावर जाऊन बसला. पाच मिनिटांत त्यांनी तिचं गाव विचारलं, ती सकाळपासून उभी आहे आणि जेवलेली नाही हे काढून घेतलं, आणि पिशवीतला स्वतःचा डबा तिच्या हातात दिला. शब्दाला त्या सोडत नाहीत, पण तो ज्याच्या तोंडून निघाला त्याला जेवायला घालतात, ही त्यांची नेहमीची रीत.

त्यांना स्वतःला मात्र माणूस बघता येतो. माझ्या मुलीबद्दल, ती सहा वर्षांची असताना, त्या म्हणाल्या होत्या, "हिच्यासमोर खोटं बोलायचं असेल तर पाठ करून बोलावं लागेल. बघते कशी बघ." असं कुणाबद्दलही. विक्रोळीच्या बाजारात एक कोळीण मावशी बसते, तिच्याशी त्यांची गट्टी यावरूनच जमली. ताई तिला म्हणाल्या, "तुझ्याकडे गिऱ्हाईक पापलेट घेताना कल्ला उघडतं, डोळा बघतं, पोट दाबतं. मुलगी बघायला जातात तेव्हा वरची कातडी बघतात, व्हीटिश म्हणतात आणि घरी येतात." मावशी म्हणाली, "मास्तरीणबाय, आज पापलेट व्हीटिश हाय. नेताव का?" दोघी इतक्या हसल्या की शेजारचं मांजर पळालं. मी पिशवी धरून उभा होतो. मला हसू आलं नाही. का ते सांगतो.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी ताईंना बघायला गेलो होतो. धाकटीला नव्हे, ताईंना. तेव्हा त्या कारखान्यात टायपिस्ट होत्या. मध्यस्थांनी आणलेल्या त्यांच्या बायोडेट्यात कॉम्प्लेक्शनपुढे व्हीटिश होतं. त्यांच्या वडिलांनी लिहिलं असणार, किंवा मध्यस्थांनी. ताई बाहेर आल्या, समोर बसल्या, आणि मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन मलाच दोन प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचं उत्तर मला आलं नाही. मला त्या आवडल्या होत्या. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे, आणि माझ्या बायकोला ते माहीत आहे. घरी आल्यावर आई म्हणाली, "मुलगी हुशार आहे रे, पण रंग..." आणि पुढचं तिने हाताने दाखवलं. वडील म्हणाले, "मला तर चांगली वाटली. तुझं तू ठरव आणि कळव." मी ठरवलं. म्हणजे मी घाबरलो. मित्र काय म्हणतील याला घाबरलो. मध्यस्थांना चिठ्ठी पाठवायची होती. सावळी असं लिहायला मला लाज वाटली, काळी लिहिणं तर शक्यच नव्हतं. मी विमा कंपनीत नुकताच लागलो होतो, खिशात छोटी डिक्शनरी असायची. तिच्यात शोधून मी एक शब्द काढला आणि लिहिलं, "मुलगी डस्की वाटली. बायोडेट्यात व्हीटिश लिहिले होते. बाकी काही तक्रार नाही." अख्खी चिठ्ठी मराठीत, तेवढे दोन शब्द इंग्रजीत. इंग्रजीत लिहिल्यामुळे मी सभ्य आहे असं मला वाटलं. खाली सही वडिलांची घेतली. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. मध्यस्थांनी ती चिठ्ठी तशीच ताईंच्या घरी नेऊन दिली.

महिन्याभराने मध्यस्थच म्हणाले, धाकटी उजळ आहे, विचारू का? मी तेव्हाही गप्प बसलो, आणि गप्प बसणं म्हणजे हो असं सगळ्यांनी धरलं. त्यांच्या घरात यावरून भांडण झालं. "माझ्यासाठी तिचं अडवू नका," असं ताईंनीच वडिलांना सांगितलं, हे मला लग्नानंतर कळलं. पुढच्या जूनमध्ये ताईंनी टायपिंग सोडलं आणि बी.एड.ला नाव घातलं. विषय इंग्रजी.

ताईंनी लग्न केलं नाही. हे माझ्यामुळेच, असं मी बरीच वर्षं मनात धरून कुढत होतो. एकदा धीर करून तसं अर्धंमुर्धं बोललोही. तर त्या म्हणाल्या, "भावोजी, स्वतःला एवढं मोठं समजू नका. तुमच्यानंतर अकरा जण आले. त्यातल्या सहांना मीच नको म्हटलं." त्या दिवशी चिठ्ठीचं सांगून टाकायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

आता चार महिन्यांपूर्वीचा तो रविवार. माझी मुलगी पंचवीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. दिसायला थेट मावशीवर गेली आहे, कपाळापासून ते रंगापर्यंत. आमच्या आग्रहाखातर ती लग्नाच्या वेबसाइटवर नाव घालायला तयार झाली होती आणि माहिती मी भरत होतो. रंगाच्या रकान्यात पाच पर्याय होते. सगळ्यात वर व्हेरी फेअर, सगळ्यात खाली डार्क. माझं बोट आपोआप मधल्यावर गेलं. व्हीटिश. मग फोटो थोडा उजळ केला. आणि तेवढ्यात ताई मागे येऊन उभ्या राहिल्या, हातात सुरमईची पिशवी.

"हे कोणी निवडलं?"

"ताई, वेबसाइटवर पर्यायच एवढे आहेत," मी म्हणालो.

"मी पर्याय विचारले नाहीत. बोट कोणाचं होतं?"

माझी मुलगी सोफ्यावर बसली होती. ती म्हणाली, "जाऊ दे गं मावशी, बाबांना त्याच्यातच बरं वाटतं." तिच्या आवाजात राग नव्हता. सवय झाल्यासारखं ती बोलली. ते मला सहन झालं नाही.

"तुझ्या आजोबांचाच वारसा हा!" ताई कडाडल्या. "त्यांनी मला डस्की लिहिलं होतं, बाळ. स्वच्छ अक्षरात, सही करून. त्या शब्दाचा अर्थ बघायला मी लायब्ररीत गेले होते. संध्याकाळचा अंधुक उजेड, असं लिहिलं होतं तिथे. दुपारी बारा वाजता बसले होते मी त्यांच्यासमोर!"

मी म्हणालो, "ताई, तो शब्द बाबांचा नव्हता. माझा होता. बाबांनी फक्त सही केली. त्यांना तुम्ही आवडला होतात."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. पाणी ठिबकत होतं, साडी भिजत होती.

"सत्तावीस वर्षं मी त्या माणसाला मनात शिव्या घातल्या," त्या हळू म्हणाल्या. "तुमच्याकडे यायचे तेव्हा त्यांच्याशी मोजकं बोलायचे. चहा दिला तर म्हणायचे, नको, झालाय. हॉस्पिटलात होते तेव्हा आले नाही मी. दोन स्टेशनं लांब होते."

मला ते माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी, शेवटच्या आठवड्यात, वडील मला विचारत होते, "थोरली आली नाही का रे?" आणि मी खाटेशेजारी उभा राहून म्हणत होतो, "शाळेत परीक्षा चालू आहेत." त्यांना खरं ठाऊक होतं. माझा संसार सुखाचा व्हावा म्हणून त्यांनी तो शब्द स्वतःच्या नावावर राहू दिला होता, आणि मी तो राहू दिला होता. हेही मी ताईंना सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

ताई उठल्या. मासे ओट्यावर ठेवले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मुलीने माझ्या हातून लॅपटॉप घेतला. तो रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हटल्यावर तिने सगळंच पुसून टाकलं. "माझं मी बघेन, बाबा," ती म्हणाली. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी तरी काय, गोरी म्हणूनच आले ना ह्या घरात?"

चार महिने ताई माझ्या पाठीमागे घरी येत-जात राहिल्या. मी ऑफिसात असताना येत, मी यायच्या आत जात. मला त्यांच्या रागाची इतकी सवय झाली होती की तो नसलेलं घर मुकं वाटायचं. टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीत रेडियंट हा शब्द आला की मी दाराकडे बघायचो.

परवा दुपारी ऑफिसात फोन वाजला. ताईंचा होता. मी उठून जिन्यात गेलो.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तुमचे बाबा कसे दिसायचे हो?"

मी म्हणालो, "फोटो पाठवू का?"

"फोटो नको. फोटो आहे तुमच्या लग्नाचा माझ्याकडे. त्यात सगळेच सारखे दिसतात." "तेवीस वर्षं ते माझ्यासमोर होते. मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नाही. तुम्ही सांगा."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. सांगायला सुरुवात केली. म्हटलं, उभे राहिले की त्यांचा डावा खांदा खाली असायचा. ऐकताना मान जरा पुढे काढायचे, जणू समोरचा फार हळू बोलतोय. हसायचे तेव्हा आवाज यायचा नाही, नुसतं पोट हलायचं. भुवयांतला एक केस सारखा लांब वाढायचा, आई तो कापायला गेली की लहान मुलासारखं तोंड फिरवायचे.

मी थांबलो. ताई मला कुठे अडवतील याची वाट पाहत होतो.

"हं," त्या म्हणाल्या. "हात कसे होते?"

मी त्यांना वडिलांचे हात सांगू लागलो.