दोन लाल टिपक्यांची कॅसेट

खोकं फोडलं की आधी वास येते. अत्तराचा नाही, संडासात टाकतात त्या गोळ्यांचा. कागदाच्या चिंध्यांवर हे शहरातले लोक तो वास मारतात अन् वर छापतात, ‘तुमच्या बालपणाची भेट’. थू! आमच्या डोणगावात कोणाच्या बालपणाले असा वास होता, सांगा मले.

हे खोकं दर महिन्याले मेहबूबले येते. माह्या टीव्ही रिपेरीच्या दुकानाच्या भिंतीले भिंत लागून त्याचं गेम पार्लर होतं. मोबाइल आले, पार्लर बसलं. आता तिथंच तो चपला विकते, पण नाद काही सुटला नाही. दीड वर्ष झालं, त्यानं हे लफडं मागं लावून घेतलं. आपण महिन्याचे पैसे भरायचे, अन् कंपनी जपान-अमेरिकेच्या जुन्या गेमच्या कॅसेटी खोक्यात धाडते. आत काय असन ते आधी सांगत नाहीत. तीच म्हणे मजा.

मजा डोंबलाची! मासे पकडायचा गेम तीनदा आला. घोड्यांचा एक आला, सगळा जपानीत. दोन घंटे बसला गडी, घोडा तबेल्याच्या बाहेर नाही निघाला. सोबत कचरा वेगळाच. स्टिकर, किल्लीची साखळी, अन् एकदा प्लास्टिकची मिशी. पन्नाशीच्या माणसाले मिशी धाडतात, लाज कशी वाटत नाही?

“अबे, घरातला केर भरून धाडून राह्यले ते तुले,” मी म्हणो.

“ओरिजनल माल हाय, शेषराव,” तो म्हणे, अन् कॅसेट शर्टाले पुसून, तोंडाजवळ नेऊन, फूऽऽ करे.

त्या फुंकेची तर मले लय किळस. थुंकी आत जाते, पिना हिरव्या पडतात, हे तीस वर्षं कानीकपाळी ओरडलो. पण पार्लरवाल्याची खोड ती. गेम अडकला, मार फुंक. चित्र हललं, मार फुंक.

मेहबूबजवळच्या सगळ्या ढिगात जीव लावावा अशी कॅसेट एकच, अन् ती खोक्यातली नव्हती. मेहबूबचा धाकटा भाऊ सकलैन रियाधले वायरमन होता. एका सुट्टीत त्यानं ती आणली. गाव वसवायचा गेम. सकलैननं त्या गावाचं नाव ठेवलं डोणगाव. दर सुट्टीत माह्या दुकानातल्या टीव्हीले गेमची मशीन जोडून तो चार घरं वाढवे. “हे भाभीचं घर, हे शेषरावचं दुकान,” असं सांगत जाये. माह्या दुकानाभोवती त्यानं उगाच झाडं लावली होती. कॅसेटच्या पोटात बटनाएवढा सेल असते, त्याच्या जोरावर ते गाव टिके. पार्लरच्या पोरांनी कॅसेटी बदलू नये म्हणून मेहबूबची बायको जमीलाभाभी प्रत्येकीच्या मागं नेलपॉलिशचा लाल टिपका लावे. ह्या कॅसेटले तिनं दोन लावले.

सकलैन तिकडंच गेला. अपघातात. माती तिकडंच झाली, मेहबूबले जाता आलं नाही. तवापासून दर ईदची नमाज पढून आला की तो कॅसेट लावे, त्या गावातून एक चक्कर मारे, अन् गुपचूप बंद करे.

औंदा ईदनंतर तो माह्याकडं आला. “शेषराव, सेल पंचवीस वर्षांचा झाला. बसला तर गाव पुसून जाईन. तू बदलून दे ना बे.”

मले येते ते काम. सेल काढताना बाहेरून करंट देत राहा लागते, मग आतलं पुसत नाही. पण त्यानं त्याच वक्ताले नवं खोकं माह्या टेबलावर फोडलं, अन् त्या वासानं माहं टकुरं फिरलं.

“तुह्या त्या खोकेवाल्यायकडूनच करून घे, जाय!” मी खेकसलो.

खोक्यात नेमकी चिठ्ठी होतीच, मेंबरच्या जुन्या कॅसेटी दुरुस्त करून मिळतील म्हणून. ह्या भोळ्या माणसानं कॅसेट धाडून दिली. मले आठ दिवसांनी कळलं. ‘परत मागव’ म्हणायचं होतं, पण तोंडातून काय निघालं? “बरं केलं.”

मागच्या शुक्रवारी दुपारी ती परत आली. कॅसेटवरचा कागद नवा चिकटवलेला, भोवती रिबिन, तोच घाणेरडा वास. सोबत चिठ्ठी, ‘तुमची कॅसेट आता अगदी नव्यासारखी!’ मेहबूबनं ती माह्याच टीव्हीले लावली. जमीलाभाभी दारात उभी. गाणं वाजलं, नदी आली. अन् नदीच्या दोन्ही अंगाले नुसतं हिरवं मैदान. ना घर, ना रस्ता, ना माह्या दुकानाची झाडं.

“ही आपली नाहीच,” मेहबूब म्हणाला. चेहऱ्यावर चक्क हसू. “बदलली साल्यांनी. थांब, फोन लावतो, आपली मागून घेतो.”

भाभीनं कॅसेट काढली अन् उलटी केली. मागं दोन लाल टिपके होते.

मी त्या कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. मिशा धाडायची अक्कल हाय, सेल काढताना करंट द्यायची नाही! कागद चमकवला, अन् आतला माणूस पुसून टाकला हरामखोरांनी. शिव्या संपल्या तरी तोंडाची घाण जाईना. सोल्डरची गन माह्याच टेबलावर पडली होती. दहा मिनिटांचं काम होतं, अन् मी त्याले हाकलून देल्लं. त्या खोक्यापेक्षा माहीच किळस आली मले.

मेहबूबनं भाभीच्या हातातून कॅसेट घेतली. शर्टाले पुसली. फूऽऽ. लावली. मैदान. काढली, फूऽऽ, परत लावली. मैदान. तिसऱ्या खेपेले तोंडाजवळ नेली अन् थांबला. मी आता ओरडतो असं वाटलं असन त्याले, माह्याकडं पाहू लागला.

“मार,” मी म्हणलं. “आणखी एक मार.”